काली बेईच्या काठावर

नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस मनमाड, भुसावळ, भोपाळ, दिल्ली असा प्रवास करीत अमृतसरला पोहोचते. महाराष्ट्रातून पंजाबात जाणाऱ्या यात्रेकरूंची ही नेहमीची गाडी. कोणी सुवर्णमंदिराच्या दर्शनाला निघालेला असतो, कोणी संत नामदेवांच्या घुमानला, तर कोणी लुधियानाच्या बाजारात लोकरी मालाच्या खरेदीला. जालंधरला उतरून कपूरथळ्याकडे वळणारा प्रवासी मात्र विरळाच. कपूरथळ्याहून सुमारे २५ किलोमीटरवर सुलतानपूर लोधी हे जुने गाव आहे आणि त्याच्या कडेने एक लहानशी नदी वाहते. तिचे नाव काली बेई. गंगा-यमुनेसारखा तिचा बोलबाला नाही. पात्र तर कित्येक ठिकाणी ओढ्याएवढेच आहे. परंतु तणाने गिळलेले पाणी समाजाने एकत्र येऊन पुन्हा मोकळे केले, अशी जी मोजकी उदाहरणे आपल्या देशात आहेत, त्यांत या नदीचा क्रम बराच वरचा लागतो.

होशियारपूर जिल्ह्यात मुकेरियांजवळच्या धनोआ गावापाशी तिचा उगम होतो. सुमारे १६० किलोमीटर वाहून ती हरिके येथे सतलज-बियासच्या संगमाला मिळते. वाटेत कपूरथळ्याजवळ कांजली येथे तिच्यावर १८७० मध्ये बंधारा बांधला गेला आणि त्यामागे एक विस्तीर्ण पाणथळ निर्माण झाली. २००२ मध्ये कांजलीचा समावेश रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत झाला. हरिकेचे पाणथळ क्षेत्र त्याआधीच, १९९० मध्ये, त्या यादीत गेले होते.

तराजू आणि बोर

व्यापारी घराण्यातील माणसाला सुलतानपुरात सर्वप्रथम ओढ वाटावी ती हट्ट साहिब गुरुद्वाराची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस येथे दौलतखान लोदीचा अंमल होता. तरुण नानक आपली बहीण बेबे नानकी हिच्या घरी राहून त्याच्या मोदीखान्यात, म्हणजे सरकारी धान्यकोठारात, काम पाहत असत. धान्य मोजताना तेराव्या मापाशी आले की ‘तेरा, तेरा’ म्हणत त्यांचे भान हरपे, कारण पंजाबीत ‘तेरा’ म्हणजे तेरा हा आकडा आणि ‘तुझे’ही, अशी कथा सांगितली जाते. तक्रार झाली, हिशेब तपासला गेला आणि कोठारात तूट निघाली नाही, असेही परंपरा सांगते. त्या काळातील म्हणून जपलेली दगडी वजने भाविक येथे श्रद्धेने पाहतात. ज्या गावात माप-तोल ही पूजेची वस्तू झाली, त्या गावात व्यापाऱ्याला परकेपणा कसा वाटावा?

दुसरे स्थान नदीकाठचे, बेर साहिब. नानकदेव रोज पहाटे काली बेईत स्नान करीत. एके दिवशी ते पाण्यात उतरले, तिसऱ्या दिवशी बाहेर आले आणि त्यानंतर त्यांचे लोकोपदेशाचे जीवन सुरू झाले, अशी श्रद्धा आहे. हा प्रसंग इ.स. १४९९ च्या सुमाराचा मानतात. गुरुद्वाराजवळ बोरीचे एक जुने झाड आहे. ते नानकदेवांनी स्वतः लावले, असे भाविक मानतात. म्हणजे ज्या नदीच्या काठावर एका धर्माचा आरंभ झाला, तेथे आरंभापासूनच पाणी आणि काठावरचे झाड या दोहोंची जोडी होती. पुढे पाच शतकांनी बिघडली ती हीच जोडी.

हिरवा गालिचा

विसाव्या शतकाच्या अखेरीस काली बेई नदी राहिली नव्हती. काठावरच्या शहरांचे आणि खेड्यांचे सांडपाणी तिच्यात सोडले जात होते. कोरड्या पडलेल्या पात्रावर शेते सरकली होती. उरलेल्या पाण्यावर जलपर्णीचा दाट थर पसरला होता. वरून पाहणाऱ्याला तो हिरवा गालिचा वाटे, त्याच्याखाली मात्र काळे, कुजके पाणी साचलेले असे.

ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातील. फिकट जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये शोभेसाठी आणली गेली, आणि थोड्याच दशकांत तेथील नद्या-खाड्या तिने भरून टाकल्या. तागाच्या आणि भाताच्या होड्या अडू लागल्या, व्यापार खोळंबला, तेव्हा १९३६ मध्ये बंगाल सरकारला जलपर्णीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. एका वनस्पतीसाठी कायदा करण्याची वेळ यावी, एवढी तिची वाढ अफाट होती. अनुकूल पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट पसरते. एका रोपाला आडवे धुमारे फुटतात आणि प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला नवे रोप तयार होते. तिचे बी तळाच्या गाळात १५-२० वर्षे जिवंत राहू शकते. म्हणून आज संपूर्ण पात्र स्वच्छ केले तरी नदी कायमची मुक्त झाली असे म्हणता येत नाही.

तिच्या दाट थरामुळे सूर्यप्रकाश पाण्यात उतरत नाही. पाण्यातील वनस्पतींना अन्न बनविता येत नाही, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. थराखालच्या संथ पाण्यात डासांची पैदास होते. पानांतून बाष्परूपाने उडणारे पाणीही मोकळ्या पृष्ठभागावरून उडणाऱ्या पाण्यापेक्षा अधिक असते. पवना, इंद्रायणी किंवा पंचगंगा उन्हाळ्यात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र अपरिचित नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी की स्वच्छ, वाहत्या, पोषकद्रव्ये कमी असलेल्या पाण्यात जलपर्णीला असा जोर चढत नाही. तिला नत्र आणि स्फुरद लागते, आणि ते तिला सांडपाण्यातून व शेतातून वाहून आलेल्या खतांतून मिळते. म्हणून तण हा रोग कमी आणि रोगाचे लक्षण अधिक, हे ध्यानात घेतल्याशिवाय काली बेईची पुढची कथा समजत नाही.

जुलै २००० : कारसेवा

जालंधर जिल्ह्यातील सीचेवाल या खेड्याचे संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी जुलै २००० मध्ये या नदीच्या कारसेवेला आरंभ केला. शीख परंपरेत सरोवरातील गाळ भाविकांनी स्वहस्ते काढण्याची पद्धत जुनी आहे. तीच पद्धत त्यांनी नदीला लावली. नदी हेच तीर्थ असेल तर तिची स्वच्छता ही पूजाच होय, अशी साधी भूमिका त्यांनी मांडली. स्वतः ते पाण्यात उतरले, त्यांच्यामागून शेकडो माणसे उतरली, आणि हातांनी जलपर्णी ओढून काठावर टाकण्याचे काम सुरू झाले.

या कामातील भागीदारी नीट न्याहाळण्याजोगी आहे. गावोगावचे तरुण आपल्या श्रमाचा वाटा उचलत. शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणीत. घराघरांतून पीठ, डाळ, दूध येई आणि त्यातून लंगर चाले. परदेशी स्थायिक झालेल्या पंजाबी कुटुंबांनी पैसा पाठविला. पाणी मात्र लोकांच्या हातचे नव्हते. ते पाटबंधारे खात्याकडे होते. पात्र मोकळे होऊ लागल्यावर मुकेरियांच्या बाजूच्या कालव्यातून नदीत पाणी सोडण्याची व्यवस्था शासनाकडून झाली. श्रम समाजाचे आणि पाणी शासनाचे, असा हा व्यवहार होता. कोणत्याही एका पक्षाने हात आखडता घेतला असता तर तो फसला असता. वाहते पाणी आले नसते तर उपटलेल्या जागी काही आठवड्यांत पुन्हा तेच तण उगवले असते. पात्र साफ नसते तर सोडलेले पाणी तणातच अडले असते.

अडथळे कमी नव्हते. पात्रात शेती करणाऱ्यांचा विरोध होता, सांडपाणी सोडणाऱ्या नगरपालिकांची उदासीनता होती. पण काम थांबले नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम सुलतानपूर लोधीला आले आणि हे कार्य त्यांनी देशासमोर आणले. सीचेवाल यांना पुढे २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली.

काठाची पुनर्रचना

तण काढून नदी मोकळी होते, परंतु ती नदी म्हणून जगते ती काठाच्या आधारावर. मुळांची जाळी माती धरून ठेवते. शेतातून येणारे खतयुक्त पाणी काठावरच्या गवतात अडते, त्यातील नत्राचा बराच भाग झाडे शोषून घेतात, आणि जलपर्णीला मिळणारे अन्न तेवढे कमी होते. काठावरच्या झाडांची सावली पाणी थंड ठेवते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. शिवाय जलपर्णी ही उन्हाची भुकेली वनस्पती असल्याने सावलीत तिची वाढ मंदावते. अशा रीतीने काठावर लावलेले प्रत्येक देशी झाड हे नदीचा पहारेकरी ठरते.

काली बेईच्या काठी कारसेवेच्या जोडीने वृक्षारोपण झाले. सीचेवाल येथे रोपवाटिका उभी राहिली आणि तेथून रोपे गावोगाव वाटली जाऊ लागली. पंजाबच्या मैदानात नदीकाठची म्हणावीत अशी झाडे आपल्याही ओळखीची आहेत : जांभूळ, अर्जुन, पिंपळ, वड, बोर, कडुनिंब, बाभूळ आणि पंजाबी लोक ज्याला ‘टाहली’ म्हणतात तो शिसम. त्यांच्या पायाशी पाणकणीस आणि मुंज, काश यांसारखी उंच गवते. पाण्यालगत गवत, त्यामागे झुडपे आणि वर मोठे वृक्ष अशी उतरंड असली, की पक्ष्यांना घरटी मिळतात, बेडकांना आडोसा मिळतो आणि पुराचे पाणी ओसरताना माती सोबत नेत नाही. सरळ ओळींत लावलेले निलगिरी किंवा पॉप्लर लाकूड देतात, पण ही उतरंड देत नाहीत. आणि घाट, पायऱ्या व दगडी बांधणी भाविकांच्या सोयीची असली तरी जेथे दगड येतो तेथे गवत उगवत नाही. म्हणून घाटांच्या मधले काठ मातीचे आणि हिरवे राहणे हे नदीच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे.

अहिंसेचा प्रश्न

जैन वाचकाच्या मनात येथे एक शंका उभी राहणे स्वाभाविक आहे. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे, पाणी हाही स्थावर जीवांचा देह आहे. मग हजारो रोपे उपटणे, पाणी ढवळणे, मुळांत आश्रय घेतलेल्या असंख्य सूक्ष्म जीवांना बाहेर काढणे हे श्रावकाला कसे रुचावे? ही शंका क्षुल्लक मानून बाजूला सारण्याजोगी नाही.

श्रावकाच्या जीवनात स्थावर जीवांची हिंसा सर्वस्वी टळत नाही. म्हणूनच आचार्यांनी संकल्पी हिंसेचा त्याग आणि उरलेल्या व्यवहारात यतना, म्हणजे सावधपणा, सांगितला. तत्त्वार्थसूत्राने जीवांचे कार्य परस्परांवरील उपकारात पाहिले आहे. जलपर्णीच्या थराखाली मात्र हा उपकारच खंडित होतो. मासे, कासवे, बेडूक, पाणपक्षी, पाण्यातील इतर वनस्पती या सर्वांचे जगणे एका उपऱ्या रोपाच्या भाराखाली दबते. ती तेथे स्वतःहून आलेली नाही. माणसाच्या हौसेने ती आली आणि माणसाच्या मैल्याने ती माजली. ज्या असंतुलनाचा कर्ता माणूस आहे, त्याचे परिमार्जनही त्यालाच करावे लागते.

परिमार्जनाच्या रीतीत यतनेला पुष्कळ वाव आहे. बहर येण्याआधी, थर लहान असतानाच रोपे काढली तर थोड्या रोपांत काम भागते. बी गाळात पडू दिले की पुढे वर्षानुवर्षे कितीतरी पट रोपे उपटावी लागतात. हाताने काढलेले रोप पाण्यातच हलकेच झटकले तर मुळांत अडकलेले मासोळीचे पिल्लू, गोगलगाय, किडा पाण्यात परत जातो. पाणी गाळल्यावर गाळण्यातील जीवाणी त्याच जलाशयात परत सोडण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्यांना ही कृती शिकवावी लागणार नाही. विषारी तणनाशक फवारले तर थर जागीच कुजतो, कुजण्यात पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. काढलेली जलपर्णी काठापासून दूर नेऊन तिचे खत केले तर ती पुन्हा पाण्यात जात नाही आणि नदीतून घेतलेले नत्र शेताला मिळते.

परंतु सर्वांत मोठी अहिंसा याच्याही आधीची आहे. सांडपाणी नदीत गेलेच नाही, तर जलपर्णीची उपासमार होते आणि उपटण्याचा प्रसंगच विरळा येतो. दरवर्षी गाडाभर जीव उपटून टाकायचे आणि त्याच वेळी त्यांना वाढविणारा नाला चालू ठेवायचा, यात श्रम असतील, पण विवेक नाही. श्रावकाला वर्ज्य मानलेल्या १५ कर्मादानांत सरोवरे, डोह आणि तळी आटविण्याचा व्यवसाय गणलेला आहे. जलाशय आटविणे हे जर वर्ज्य, तर तो मैल्याने भरून जीवशून्य करणे हे कोणत्या खात्यात लिहायचे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

सीचेवालने हा धागा ओळखला. त्या गावात घरोघरीचे सांडपाणी जमिनीखालच्या नळांतून एकत्र केले जाते, विहिरीसारख्या टाक्यांत त्यातील गाळ आणि तरंगणारी घाण मागे राहते, पुढे ते तळ्यात उन्हा-वाऱ्याने निवळते आणि अखेर पंपाने शेतांना दिले जाते. नदीत जाऊन विष ठरणारे नत्र शेतात जाऊन अन्न ठरते. खर्च थोडा, यंत्रे थोडी, देखभाल गावाकडे. पंजाबातील अनेक गावांनी ही पद्धत उचलली.

अपुरे यश

काली बेईची कथा विजयाची म्हणून सांगितली जाते. ती पूर्ण विजयाची नाही. काम सुरू होऊन दोन दशके उलटल्यावरही प्रवाह घटला आणि वरच्या भागातून सांडपाणी सुटले की मासे मरून तरंगल्याच्या घटना घडल्या. शहरांची शुद्धीकरण केंद्रे अपुरी पडली, काही ठिकाणी दुर्लक्षित राहिली. गाळातील बी संधी साधून रुजत राहते. कारसेवक दर हंगामी पुन्हा पाण्यात उतरतात. नदीचे रक्षण हे मंदिराच्या जीर्णोद्धारासारखे एकदा करून कलश चढविण्याचे काम नाही. त्याचे साम्य नित्यपूजेशी आहे. आज केली म्हणून उद्या चुकत नाही.

हरिकेपासून मारवाडपर्यंत

काली बेई जेथे संपते त्या हरिकेला गेल्यावाचून हा प्रवास पुरा होत नाही. १९५० च्या दशकात बांधलेल्या धरणाच्या मागे येथे मोठे जलक्षेत्र आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो पाणपक्षी येथे उतरतात. बियासच्या पाण्यात दुर्मीळ सिंधू डॉल्फिन आढळतो, हे २००७ मध्ये येथेच ध्यानात आले. आणि येथेही जलपर्णीचा वेढा आहे. नद्यांनी वाहून आणलेली रोपे या संथ पाण्यात साचतात.

हरिकेहून निघतो तो राजस्थानचा कालवा, आजचा इंदिरा गांधी कालवा. त्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. बिकानेर, जैसलमेरच्या वाळवंटात त्याने पाणी नेले आणि उपसा कालव्याने ते जोधपूरपर्यंत पोहोचले. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या दुकान मांडून बसलेल्या कितीतरी ओसवाल कुटुंबांची मूळ गावे याच मरुभूमीत आहेत. कुलदेवीच्या दर्शनाला गावी गेल्यावर त्यांच्यापैकी अनेकांच्या ओंजळीत येणारे पाणी हरिकेवरून आलेले असते.

त्याच हरिकेच्या वर, सतलजला मिळणारा एक प्रवाह लुधियाना शहरातून येतो. त्याला बुढ्ढा दर्या म्हणतात. शहराचे सांडपाणी आणि रंगाई-धुलाईच्या कारखान्यांचे पाणी त्याने वर्षानुवर्षे वाहिले आहे. लुधियाना हे जैनांचेही मोठे केंद्र आहे. श्रमण संघाचे पहिले आचार्य आत्मारामजी महाराज यांचे दीर्घ वास्तव्य तेथे होते आणि त्यांच्यानंतर ते पद भूषविले ते तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील चिचोंडीचे आचार्य आनंदऋषीजी महाराज यांनी. धर्माचा धागा पंजाबहून महाराष्ट्रात असा सहज आला. व्यापाराचा धागाही तसाच आहे. महाराष्ट्रातल्या दुकानांत हिवाळ्यात लागणारे स्वेटर मोठ्या प्रमाणावर लुधियानाहून येतात. बुढ्ढा दर्या मळला तो कोणा एका समाजामुळे नव्हे. तरी त्या मालाची खरेदी-विक्री करणारे सारेच त्या पाण्याच्या हिशेबात कोठे ना कोठे येतात. अलीकडच्या वर्षांत सीचेवाल यांच्या कारसेवकांनी या प्रवाहाच्या स्वच्छतेचेही काम हाती घेतले आहे. तेथे तण उपटण्याहून अवघड काम आहे ते कारखान्यांना आणि महापालिकेला आपापला वाटा उचलायला लावण्याचे.

मारवाडातल्या एखाद्या घरी आजही पहाटे घागरीच्या तोंडाशी दुहेरी वस्त्र धरून पाणी गाळले जाते. त्या वस्त्राने सूक्ष्म जीव वाचतात. पाण्यात विरघळलेला रंग मात्र ते वस्त्र अडवू शकत नाही. तो अडवायचा असेल तर तो लुधियानाच्या नाल्यावर, कारखान्याच्या दाराशी, आणि काली बेईसारख्या लहान नद्यांच्या हिरव्या काठांवरच अडवावा लागतो.